हौसेचं जुनं

लग्नसराई जवळ आली की आमच्या बीडमध्ये सगळ्यात आधी सुभाष रोडवरचे पुतळे कपडे बदलतात. घरोघरी अजून पत्रिकेचा मजकूर ठरलेला नसतो, मंगल कार्यालयाच्या तारखेवरून भावाभावांत धुसफूस चाललेली असते, पण काचेमागचे पुतळे मात्र नवरीसारखे नटून उभे राहिलेले असतात. यंदाही राहिले. मी पतसंस्थेतून सुटून स्कूटीवरून घरी निघाले होते. ऊन उतरलं तरी रस्ता तव्यासारखा तापलेला होता. एका दुकानापुढे आपोआप ब्रेक लागला. काचेत अबोली रंगाची साडी होती, खड्यांनी मढवलेली.

नव्या कपड्याचा मला सोस आहे, आणि तो मी कधी लपवला नाही. घडी मोडताना येणारा खळीचा वास, अंगाला अजून न सरावलेलं कापड, आरशासमोर पदर तीन-तीनदा लावून बघणं. एरवी मी त्या काचेसमोर रेंगाळले असते. पण यंदा साडीकडे बघता बघता तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं, आनंदचं लग्न झालं. आणि एका जुन्या साडीवरून मी इतकी जळले, की त्या वर्षी आंबा कसा होता, पाऊस कधी आला, काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतो तो नुसता हेवा.

आमचं घर वडवणीचं. अण्णा गेल्यापासून आई तिथं एकटी राहते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. वर्गात पुस्तकातलं मराठी आणि घरात माहेरचं, चकलांब्याचं, अशा दोन बोली तिने जन्मभर न मिसळता वापरल्या. आनंद पुण्याला नोकरीला. त्याची होणारी बायको अस्मिता छत्रपती संभाजीनगरची. वडील प्राध्यापक, आजोबा सरकारी खात्यात साहेब होऊन निवृत्त झालेले. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक झाली, गावातले निळे झेंडे अजून उतरले नव्हते, तेव्हा ती दोन दिवस आईकडे राहायला आली. मीही बीडहून लेकीला घेऊन गेले. म्हटलं, बघू तरी भावजय कशी आहे ती.

एसटीतून उतरली तेव्हा तिच्या अंगात पुरुषाचा एक जुना सुती शर्ट होता. बाह्या दुमडलेल्या, कॉलर विरलेली.

"आजोबांचा आहे," मी बघतेय हे पाहून तीच म्हणाली. "हात लावून बघा ना ताई. असं कापड आता मिळतच नाही."

मी हात लावला. मऊ होतं खरं, सायीसारखं. पण होणाऱ्या सासरी पहिल्यांदा राहायला यायचं आणि विरलेल्या कॉलरचा शर्ट घालून? साधं दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जायचं तरी मी इस्त्रीचा ड्रेस घालते. मी आईकडे बघितलं. वाटलं, आईच्या कपाळाला आठी पडेल. आई म्हणाली, "ये बाळ, लई ऊन हाय," आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

दुपारी जेवणं झाली. पंख्याखाली सतरंजी टाकून आम्ही बसलो होतो. मी टरबूज कापत होते. अस्मिताने आईला विचारलं, "तुमच्याकडे जुन्या साड्या असतील ना? मला बघायला फार आवडतात." आई उठली आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून घेऊन आली.

ती पेटी मी लहानपणापासून बघत आले होते. तिच्यावर बसून अभ्यास केला होता, तिच्यावर चढून फळीवरचा लाडवाचा डबा काढला होता. पण आईने ती माझ्यापुढे अशी कधी उघडली नव्हती. झाकण वर गेलं तसा वाळलेल्या निंबाच्या पाल्याचा वास आला. मोठ्या मोठ्या फुलांची नायलॉनची साडी निघाली, ती नेसून आई शाळेत जायची. कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज निघाले, हातशिलाईचे टाके अजून जागच्या जागी. अस्मिता प्रत्येक गोष्ट उचलून उजेडात धरत होती. मी आपली टरबुजाच्या बिया वेचत होते. जुने कपडे ते, त्यात काय बघायचं.

सगळ्यात तळाशी एका पंच्यात गुंडाळलेली आईच्या लग्नाची साडी होती. पांढरी, रेशीम आणि सूत एकत्र विणलेली, काठ निळा, अंगठ्याएवढा. पदरावर निळ्या कळ्या. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, त्यामुळे लग्नातल्या पांढऱ्या साड्या मी पुष्कळ बघितल्या आहेत. ही मात्र तशी कुठेच नव्हती. घड्यांवर पिवळसर रेघा पडल्या होत्या आणि त्या रेघांमुळेच की काय, ती साडी नुसती पांढरी न दिसता दुधासारखी दिसत होती.

अस्मिताने पदर मांडीवर पसरला. मग म्हणाली, "आई, ही मी लग्नात नेसू?"

मला हसू आलं. "अगं, घडीवर विरली असेल ती. भर मांडवात टरकन फाटली म्हणजे? आपण बीडला जाऊ, मस्तपैकी पांढरी घेऊ. आता काय एकेक प्रकार निघालेत."

"नको ताई. मला हीच आवडली."

मी आईकडे बघितलं. आता ती गोडीत नाही म्हणणार याची मला खात्री होती. आईने साडीवरून तळहात फिरवला, एकदा, या काठापासून त्या काठापर्यंत.

"नेस," ती म्हणाली. "आवडली तर नेस."

सुरी टरबुजात तशीच रुतून राहिली.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने मला अशाच उन्हात बीडला आणलं होतं. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात. डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली, आणि आवाज वर्गात असायचा तसा. दुकानदाराने जरा साधी साडी पुढे केली की ती हातानेच बाजूला सारायची. शेवटी एक पांढरी साडी मिळाली, तिच्यावर बोट टेकवायला जागा नव्हती इतकी चंदेरी जर, इतके खडे. ती नेसून मला हात वर करून हार घालता येईना, नवरा कमरेत वाकला तेव्हा कुठे जमलं. फोटोत मी नुसती चमकतेय. आई त्या दिवशी मांडवभर फिरून सांगत होती, "सुजाताची साडी बघितली का?" मलाही ती साडी फार आवडली होती. आजही आवडते. पण पेटीत दुधासारखी एक साडी पडलेली आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दाखवलीच नाही, तर मागणार कशी? आणि परक्या घरची मुलगी येते, दोन दिवस राहते, मागते, आणि आई म्हणते, नेस.

त्यानंतरचे आठवडे मी वडवणीला उगीचच फेऱ्या मारल्या. लग्नघर होतं, कामं होती, कारण सापडायचं. एकदा गेले तर अस्मिता पुन्हा आलेली, आणि ती आणि आई गच्चीवर साडी धूत होत्या. रिठे रात्रभर भिजवून त्याच्या पाण्यात. साबण नाही, ब्रश नाही. मग दोघींनी दोन टोकं धरून ती झटकली. ओल्या कापडाचा मोठा फडका हवेत फुगला आणि हळूच खाली आला. आई हसत होती. अण्णा गेल्यापासून असं मोकळं हसताना मी तिला बघितलं नव्हतं. मी जिन्यात उभी होते, हातात हळदीच्या कार्यक्रमाचं सामान. माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि मला कबूल करायला हवं, की मी वर जाऊन मदत केली नाही. सामान तिथंच पायरीवर ठेवून खाली आले आणि भांडी घासत बसले, घासलेलीच.

हेवा मोठा चिवट असतो. तो एका गोष्टीवर थांबत नाही. आधी मला साडीचा हेवा वाटला. मग आईचा ब्लाउज अस्मिताला न उसवता बसला, त्याचा वाटला. मी अण्णांच्या वळणावर गेलेली, खांद्यात रुंद. आईच्या ब्लाउजमध्ये माझा एक हात जेमतेम गेला असता. ती मुलगी मात्र आरशासमोर उभी राहिली, आणि त्या कोपरापर्यंतच्या बाह्या, तो बंद गळा बघून शेजारची काकू म्हणाली, "अगं बया, नवीन नवीन आलेल्या बाईच वाटतात!" बाई म्हणजे आई. माझ्या आईसारखं दिसायचं तर ते मी दिसायला नको का?

अस्मिताने त्या ब्लाउजमधला आपला फोटो मोबाइलवर टाकला. माझ्या लेकीने, यशूने, तो मला दाखवला. नववीतली पोर, मीच तिला दर सणाला दुकानातून नवं घेते, फॅशनमध्ये असेल ते.

"मामी कसली भारी दिसतेय ना? आई, तुझ्याकडे असलं काहीच कसं नाही गं?"

"माझ्याकडे सगळं नवीन आहे," मी म्हटलं.

"तेच तर," ती म्हणाली, आणि मोबाइल घेऊन गेली.

त्या संध्याकाळी मी सुभाष रोडला गेले आणि दुकानातली सगळ्यात नवी साडी घेतली. अंजिरी रंग, सोनेरी काठ, पदराला लोंबते मणी. दुकानातल्या मुलीने सांगितलं, "मॅडम, हा पीस कालच आलाय." मी मनात म्हटलं, बस. नवऱ्या मुलाची बहीण आहे मी. मांडवात लोक आधी कुणाकडे बघतात ते बघूच.

लग्न वडवणीतच होतं. कार्यालयाच्या पत्र्याखाली कूलर घरघरत होते आणि त्यांच्यासमोरच्या खुर्च्या सकाळीच भरल्या होत्या. मी अंजिरी साडी नेसून दारात पाहुण्यांचं स्वागत करत उभी राहिले. पहिली अर्धी घटका फार छान गेली. मग जीपमधून अस्मिताच्या मावशी उतरल्या. अंजिरी साडी, सोनेरी काठ, पदराला लोंबते मणी. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो, बायका अशा वेळी हसतात तसं. काही बोलणार तोवर मागच्या गाडीतून आमच्याच नात्यातली चौसाळ्याची वहिनी आली, आणि तिच्याही अंगावर तीच. सगळे बसल्यावर माइकवरचा माणूस म्हणाला, "अंजिरी साडीवाल्या ताईंनी कृपया स्टेजवर यावं," तर आम्ही तिघी उठलो. मांडव हसला. यशू तर खुर्चीतून पडायचीच राहिली.

मी बसून घेतलं. आणि तेवढ्यात अस्मिता आली.

तिच्या अंगावर फार काही नव्हतं. कानात छोटे मोती, केसांत मोगरा, आणि ती साडी. चमकत नव्हती. पण ती चालत आली तसा कुजबुजीचा आवाज खुर्च्यांच्या रांगांतून मागे मागे शांत होत गेला. त्रिशरण, पंचशील झालं. ती हात जोडून उभी होती आणि पदरावरच्या निळ्या कळ्या तिच्या श्वासाबरोबर हलत होत्या. सुंदर दिसत होती. जळणाऱ्या माणसाला सौंदर्य इतरांपेक्षा जास्तच स्पष्ट दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हार घालून झाल्यावर सोजरमावशी, आईची थोरली बहीण, काठी टेकत स्टेजवर चढली. तिला आता कमी दिसतं. तिने आशीर्वादासाठी हात उचलला, तो साडीच्या काठाला लागला आणि तिथंच थांबला. तिने काठ दोन बोटांत धरला, चाचपला.

"ही दादानं आणलती ती," ती म्हणाली. आणि नवऱ्या मुलीसमोर, सगळ्यांसमोर, ढसढसा रडायला लागली. आईने तिला धरून खाली आणलं. आईचे डोळे कोरडे होते. दादा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. मी त्यांना बघितलेलं नाही. एका साडीवरून एवढं का रडायचं, हे मला कळलं नाही. इतकंच कळलं, की त्या साडीत असं काहीतरी आहे जे मला ठाऊक नाही, आणि ते आज दुसरी कुणी नेसून उभी आहे.

लग्नानंतर आनंद आणि अस्मिता पुण्याला गेले. मी दोन दिवस आईकडे राहिले. आईने साडी पुन्हा धुऊन मागच्या खोलीत सावलीत वाळवली होती. आम्ही दोघी तिची घडी घालत होतो. एक टोक आईकडे, एक माझ्याकडे. पहिल्यांदाच ती माझ्या हातात आली होती. आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"आई, माझ्या लग्नाला ही पेटीतच होती ना?"

"व्हती की."

"मग मला काहून दाखवली न्हाईस?" मी चिडले की माझ्याही तोंडी चकलांब्याची बोली येते.

आईने हातातलं टोक सोडलं नाही. खाली बसली, तशी मीही बसले. साडी आमच्या दोघींच्या मांडीवर.

"आमची माय ज्यांच्या रानात कामाला जायची ना," ती म्हणाली, "त्यांच्या घरचं जुनं लुगडं दिवाळीला मिळायचं. ते फाटलं, की धड राहिलेल्या तुकड्याचं मला पोलकं. एकदा पिवळं शिवलं, त्याच्यावर लाल बुट्टे. लई आवडायचं मला. शाळेत घालून गेलते. त्या घरची पोरगी माझ्याच वर्गात व्हती. तिनं बोट दाखवलं, म्हणली, ही बघा, आमच्या आईचं लुगडं अंगात घालून आली. सगळा वर्ग हसला. गुरुजी बी हसले."

"मग?"

"मग काय. घरी आले, पोलकं काढलं आन चुलीत घातलं. मायनं लई मारलं. दादानं न्हाई मारलं. दादा नुसते बसून राहिले." आईने काठावरून अंगठा फिरवला. "माझं लगीन ठरलं तवा ते बीडला गेले. दुकानात त्यांना गादीवर बसू दिलं न्हाई. उभ्याउभ्यानंच ही साडी घेतली. आमच्या घरात बाईच्या अंगावर आलेली पयली नवी साडी ही. तवाच म्या ठरवलं, मला लेक झाली तर तिच्या अंगावर कुणाचं उतरलेलं पडू द्यायचं न्हाई."

"पण आई, ही तर तुझी आहे. परक्याची थोडीच?"

"उतरलेलं ते उतरलेलंच. माझं का असंना."

"आणि अस्मिताला चाललं?"

आई हसली. "तिला काय म्हाईत, उतरलेलं म्हंजी काय? तिच्या आज्यानं बी नवंच घातलं, बापानं बी. ती हौसेनं मागती, तर तिच्या अंगावर हौसच दिसती. तुझ्या येळंला लोकांनी काय बघितलं असतं? मास्तरीणबाईला लेकीला नवं घ्यायला जमंना, हेच."

बाहेर कुणाच्या तरी वरातीचा बँड वाजत होता. माझ्या लग्नातली आई डोळ्यांसमोर आली, डोक्यावर पदर घेऊन दुकानामागून दुकानं पालथी घालणारी. तेव्हा मला वाटलं होतं, आईची आवड जरा भडक आहे.

आता इथं मी असं लिहायला हवं, की मग माझ्या मनातला हेवा गेला. तो गेला नाही. उलट त्याला नीट जागा सापडली. अस्मिता विरल्या कॉलरचा शर्ट घालून एसटीतून उतरली, आणि तिच्या अंगावर कुणाची नजर टोचली नाही. टोचेल असं तिच्या मनातही आलं नाही. मला त्या मोकळेपणाचा हेवा वाटतो. जुनं हौसेने घालायला आधी पिढ्यान्‌पिढ्या नवं घातलेलं असावं लागतं. लोक म्हणतात, दुकानातले कपडे काय, सगळ्यांचे सारखेच, त्यात माणूस दिसत नाही. जुन्याला कशी ओळख असते. मांडवात तीन अंजिरी साड्या एकदम उभ्या राहिल्यावर ते मलाही पटलं. पण सगळ्यांसारखं दिसणं हीसुद्धा एके काळी कुणाची तरी हौस असू शकते, हे दुकानाच्या काचेत बघताना आता माझ्या लक्षात येतं. कपड्यावरून कुणी ओळखू नये, यासाठी आईने मला नवं नेसवलं. आणि आता ज्याची ओळख पटते तेच भारी ठरलं. मी नेमकी मधल्या वळणावर उभी. ना आईसारखं ते पोलकं जाळलेलं, ना अस्मितासारखा तो शर्ट घातलेला.

मग यंदाच्या सराईत वडवणीला चुलत भावाच्या लग्नाला अस्मिता पुण्याहून आली ती आईची मोठ्या फुलांची नायलॉनची साडी नेसून. ती तिने मागच्या वेळीच नेली होती. सगळ्या पोरी तिच्याभोवती. यशूने तर "पुढच्या वर्षी कॉलेजच्या साडी डेला मला" म्हणून आत्ताच शब्द घेतला. अस्मिता माझ्याजवळ आली, पदर पुढे करून म्हणाली, "ताई, याचा रंग बघा, इतक्या वर्षांत जरा उतरला नाही. तुम्हाला हवी का? खरं तर तुमचाच हक्क आहे." मनापासून म्हणाली. ती वाईट नाही, हीच तर अडचण आहे. वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "नको गं, तुला छान दिसते," आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळे पांगले. आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले, चार शेंगा फोडल्या आणि म्हटलं, "आई, मला पण दे ना तुझी एखादी."

"काय?"

"साडी. जुनी. कुठलीही दे."

आईने माझ्याकडे बघितलं. चाळिशी ओलांडलेली मी, पण तिने शाळेतल्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. वाटलं, आता उठेल आणि पेटी ओढेल. मी हातातली शेंग खाली ठेवली.

"तुला न्हाई," ती म्हणाली.

"अगं पण आता कोण बघतंय? आता तर लोक उलट कौतुक करतात."

"करू दी. तुला न्हाई." तिने सुपातली टरफलं झटकली, पदराला हात पुसले आणि चपला शोधायला लागली. "चल."

"कुठं?"

"चल म्हणते ना."

ऊन कलतीला आलं होतं. गुडघे दुखत असूनही ती माझ्यापुढे चालत होती, बाजारपेठेच्या रस्त्याने, कुणी नमस्कार केला तर मान हलवत. एका साड्यांच्या दुकानात शिरली. ना काच, ना पुतळे, पांढरी गादी आणि वर फिरणारा पंखा. आई सरळ गादीवर जाऊन बसली, मधोमध, पाय पोटाशी घेऊन. मला शेजारी बसवलं. दुकानदार तिचा जुना विद्यार्थी निघाला. उठून नमस्कार केला, पाणी मागवलं, आणि एकामागून एक साड्या आमच्या पुढ्यात उलगडायला लागला. आई प्रत्येकीचा काठ चिमटीत धरून बघायची, माझ्या खांद्यावर टाकायची, मान मागे नेऊन निरखायची आणि काढून ठेवायची. माझ्या खांद्यावर एकेक नवी साडी येत होती, जात होती.

साड्यांचा ढीग वाढला तसा दुकानदार हसून म्हणाला, "बाई, ताईसाठी एवढं बारकाईनं बघताय. घरात काही कार्य हाय का?"

"न्हाई," आई म्हणाली. "लेक हाय."